पॉझिटिव्ह आलं, बरं झालं

व्हिएन्नात मला दिवस गेले, तेव्हा पहिल्याच तपासणीत चार-पाच नळ्या भरून रक्त घेतलं. आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टातली एक ओळ बोटाने दाखवली आणि हसल्या. तुम्हाला टॉक्सोप्लाझ्मा नावाचा रोग कधीतरी होऊन गेलाय, बरं झालं, यासाठी आता पुन्हा सुई नको, म्हणाल्या. घरी आल्यावर नेहमीप्रमाणे सेलूला माहेरी फोन लावायचा होता. लावला नाही. 'आयजीजी पॉझिटिव्ह', म्हणजे लागण होऊन गेल्याची रक्तातली खूण. हीच ओळ दोन वर्षांपूर्वी माझ्या भावजयीच्या रिपोर्टावर आली होती आणि तेव्हा आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं.

तिचं दुसऱ्यांदा तिसऱ्या महिन्यात खाली झालं होतं. तालुक्याच्या दवाखान्यातून 'टॉर्च' तपासणी लिहून दिली, दोन-अडीच हजार गेले. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे गर्भाला घातक अशा चार-पाच रोगांच्या आद्याक्षरांचं हे नाव. रिपोर्ट आला आणि निकाल लागला: मांजरामुळं झालं. तीन महिने गोळ्या चालल्या. भावाने घरातलं बोकं पोत्यात घालून दुधनेच्या पलीकडे सोडून दिलं. आणि आई म्हणाली, "हिच्या माहेरातच मांजरं लई होती." ही माझीच आई. परक्या कुणाची सासू असती तर या लेखात मी तिला चार खडे बोल सुनावले असते, हेही कबूल करते.

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परजीवी. मांजराच्या आतड्यात त्याची पुढची पिढी तयार होते. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे विष्ठेतून त्याची अंडीवजा बीजं पडतात. पडल्या पडल्या त्यांच्यापासून लागण होत नाही, त्यासाठी एक ते पाच दिवस जावे लागतात. मग ओलसर मातीत मात्र ती महिनोनमहिने तग धरतात. दुसरी वाट कच्च्या-अर्धकच्च्या मटणाची. धडधाकट माणसाला बहुतेकदा काहीच जाणवत नाही, फार तर थोडी कणकण आणि मानेला गाठी. आयुष्यात पहिलीच लागण गरोदरपणात झाली तरच खरा घोर. सुरुवातीच्या महिन्यांत ती वारेतून बाळापर्यंत क्वचित पोचते, पण पोचली तर नुकसान मोठं होतं: डोक्यात पाणी साचणं, मेंदूत चुन्याचे ठिपके, डोळ्याच्या पडद्यावर डाग. शेवटच्या महिन्यांत ती निम्म्याहून अधिक बाळांना गाठते, पण बाळ वरून ठणठणीत दिसतं आणि डोळ्याचं दुखणं कधीकधी पंधराव्या-सोळाव्या वर्षी उपटतं.

ज्या बाईला हे आधीच होऊन गेलंय, तिचं शरीर राखण करतं. तिची प्रतिकारशक्ती फार खालावली नसेल, तर बाळाला धोका जवळजवळ नसतो. म्हणजे आयजीजी पॉझिटिव्ह येणं ही एरवी जमेची बाजू. भारतातल्या पाहण्यांत साधारण पाचात एका बाईच्या रक्तात ही खूण सापडते. गर्भ पडल्यानंतर पाच जणींना टॉर्च करायला लावलं, तर एकीवर ठपका येणारच, मग तिचा गर्भ कशानेही पडलेला असो. आयजीएम, म्हणजे नव्या लागणीत आधी उमटणारी खूण, पॉझिटिव्ह आलं तरी लगेच हाय खायचं कारण नाही, कारण ते महिनोनमहिने, कधी वर्षभराहूनही जास्त रेंगाळतं. लागण नवी की जुनी हे सांगायला अ‍ॅव्हिडिटी नावाची पुढची तपासणी लागते. भावजयीची ती कुणी केली नाही. करायची असते हेही कुणी सांगितलं नाही.

ऑस्ट्रियात १९७४ पासून प्रत्येक गरोदर बाईला एक पिवळी पुस्तिका मिळते. आई-बाळ पास. २०२४ पासून तिचं नाव पालक-बाळ पास झालंय, पण जुन्या बाया जुनंच नाव घेतात. सोळाव्या आठवड्याच्या आत पहिलं रक्त, त्यात टॉक्सोप्लाझ्मा. निगेटिव्ह आलेल्या बाईला ठरावीक अंतराने पुन्हा बोलावतात, कारण सांभाळायचं असतं ते तिला. तपासणीला पैसे पडत नाहीत, उलट ठरलेल्या तपासण्या चुकवल्या तर बाळ झाल्यावर मिळणाऱ्या भत्त्याला कात्री लागते. तिथे आता दहा हजार बाळंतपणांत एखादंच बाळ हा रोग घेऊन जन्मतं.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून जुंपली. एकाने लिहिलं, युरोपात टॉक्सोप्लाझ्माची तपासणी सक्तीची आहे, महाराष्ट्रातही प्रत्येक गरोदर बाईची करा. दुसऱ्याने उत्तर दिलं, टॉर्च हा निव्वळ धंदा आहे, बंद करा. आणि दोघांनी मिळून माझ्याकडे बोट दाखवलं: तू तिकडे आहेस, तूच सांग.

आता 'तिकडे' म्हणजे कुठे? ब्रिटनमध्ये ही तपासणी सरसकट करत नाहीत. स्वित्झर्लंडने २००९ मध्ये तिची शिफारस मागे घेतली. युरोप म्हणजे काही एक गाव नाही, आणि 'परदेशात असं असतं' या वाक्याने सुरू होणारं बोलणं मी स्वतःच्या तोंडूनही ऐकायला कंटाळले आहे.

सक्तीवाल्या मित्राला मी एवढंच विचारलं: निगेटिव्ह आलेली बाई पुन्हा रक्त द्यायला सापडणार कुठे? बीड, परभणी, जालन्याच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात, चैत्रापर्यंत फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहतात. चौथ्या महिन्यातली बाई कोयता घेऊन सांगलीकडे किंवा कर्नाटकात जाते आणि आशाताईंकडचं तिचं कार्ड गावातच राहतं. दर महिन्याच्या नऊ तारखेचं मातृत्व अभियान २०१६ पासून सरकारी दवाखान्यांत आहे, चांगलं आहे. पण ती तारीख उसाच्या फडात नसते. अशा बाईची एकदाच केलेली टॉक्सोची तपासणी तिला काही देणार नाही. तिचं हिमोग्लोबिन आधी बघा.

धंदावाल्याचं म्हणणं मला जास्त पटतं, पण पुरतं नाही. भीती घालून बाईच्या पोटावर पैसे कसे काढतात, हे मराठवाड्याला नव्याने सांगायला नको. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळात गेला, समिती बसली, आणि ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तरीही रोग खोटा ठरत नाही. २००४ मध्ये कोइमतूरला शेकडोंचे डोळे याच परजीवीने बिघडले आणि संशय शहराच्या पाण्यावर गेला. आमच्याकडे आठ दिवसांनी नळ येतो, उन्हाळ्यात टँकर विहिरीत रिता करतात आणि तिथूनच शेंदतात.

आमच्या ग्रुपमधल्या एकीचा परभणीत प्रसूतिगृहाचा व्याप आहे. ती भांडणात पडली नाही. मला वेगळा फोन करून म्हणाली, "तपासण्या आपल्याकडं कमी नाहीत गं. उशिरा होतात. पोट रिकामं झाल्यावर होतात." माझंही म्हणणं तेच आहे. व्हिएन्नात रक्त घेतात ते कुणाला जपायचं हे कळायला. आमच्याकडे घेतात तेव्हा जपायचं काही उरलेलं नसतं, मग रिपोर्ट दोष कुणाचा हे ठरवायच्या कामी येतो. परवडत असेल तिने ही तपासणी दिवस राहायच्या आधी किंवा पहिल्या दोन महिन्यांत करावी. गर्भ पडल्यानंतर आयजीजीच्या एका ओळीवर गोळ्या सुरू करायला सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारावं.

मांजराचं तर मला राहून राहून वाटतं. इथल्या पुस्तिकेत मांजर सोडून द्या असं लिहिलेलं नाही. त्याची घाण रोजच्या रोज दुसऱ्याने काढावी, एवढंच. आमच्या गावात मांजर राखेच्या ढिगात नाही तर मेथीच्या वाफ्यात बसतं, तिथेच बाई उघड्या हाताने खुरपते आणि बांधावर त्याच हाताने भाकरी मोडते. मटण आम्ही कुकरमध्ये गळेपर्यंत शिजवतो, ऑस्ट्रियन लोकांसारखा कच्चा खिमा ब्रेडला लावून खात नाही. आमची गोम आहे कच्च्या पाल्यात. हरभऱ्याचा घोळाणा कोण धुऊन करतं? धुतला की आंब जाते.

भावजयीला पुन्हा दिवस गेलेत. मी माझा रिपोर्ट अखेर तिला पाठवला, त्या ओळीला गोल करून. तिने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग फोन आला. आधी ती रडली, मग पलीकडून आईने फोन घेतला.

"म्हंजे मांजर उगीच सोडलं म्हण की," आई म्हणाली. "उंदरांनी शेंगांच्या पोत्याला भोकं पाडलीत इथं."

मी म्हटलं, हिचं होऊन गेलंय, हिला भीती नाही. पण शेजारची सून पहिलटकरीण आहे, तिला घोळाणा धुऊन द्या.

"धुतल्यावर काय चव राहती गं त्याला?"

"राहत नाही आई. नऊ महिने चालवून घ्या."