बॅगेला अनुदान आहे, बॅग भरायला शिकवणाऱ्याला नाही

आज सकाळी शिरूर तालुक्यातल्या एका गोठ्यावर मुरघासाची, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याची, एक टनाची बॅग उघडली. वरचा हातभर थर पांढरा-हिरवा, बुरशीने गच्च. त्याखाली हात घातला तर चटका बसावा इतकं गरम. पाच गाई, प्रत्येकीला दिवसाला १५ ते २० किलो, म्हणजे दहा-बारा दिवसांची वैरण. गोठा सांभाळणाऱ्या काकूंनी एकच विचारलं, "बॅग तर चांगल्यातली आणली होती ओ, मग असं कसं झालं?"

बॅग चांगलीच होती. घोळ बॅगेच्या आधी झाला.

मुरघासाच्या मक्याचा दाणा मोडून बघायचा असतो. वरून पिवळा घट्टपणा खाली उतरत येतो, बुडाकडे दूध असतं. दोन्हींमधली रेघ दाण्याच्या निम्म्यावर आली की कापणी. तेव्हा झाडात कोरडा भाग ३० ते ३५ टक्के असतो. काकूंच्या मक्याची रेघ निम्म्यावर आली तेव्हा चारा बारीक कापणारं कुट्टी मशीन दुसऱ्याच्या वावरात होतं. गावात मशीन एकच. नंबर लागला ९ दिवसांनी. तोवर दाणा कडक आणि पानं खडखडीत. त्यात मशीनचं पातं बोथट, एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी हवी तिथे दोन-दोन इंचांचे तुकडे. असा माल कितीही तुडवा, गादीसारखा परत वर येतो. आत हवा राहते. आंबवणाऱ्या जिवाणूंना हवा चालत नाही, बुरशीला हवाच लागते. सामू (पीएच) ४ च्या आसपास उतरायला हवा, तो उतरतच नाही. आणि हे सगळं कळतं ४५ दिवसांनी, बॅग उघडल्यावर.

उलटंही होतं. मका कोवळा कापला तर पाणी सुटतं, माल चिकट होतो आणि असा घाण वास येतो की गाय गव्हाणीकडे बघतही नाही.

यावर उपाय फुकट आहे. कुट्टी मुठीत घट्ट दाबून अर्धा मिनिट धरायची. मूठ उघडल्यावर पाणी गळलं तर मका ओला, दोन दिवस थांबा. गोळा लगेच विस्कटला तर उशीर झाला. गोळा राहून हळूहळू सुटला तर भरा. शंका असेल तर १०० ग्रॅम कुट्टी मायक्रोवेव्हमध्ये, शेजारी पाण्याचा पेला ठेवून, थोडी थोडी वाळवायची आणि वजन घटायचं थांबलं की मोजायची. ३० ते ३५ ग्रॅम उरली पाहिजे. बस्स. हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम कुणाचंच नाही!

राग येतो तो इथे. कडबाकुट्टीला अनुदान आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास प्रकल्पाला ५० टक्के, ५० लाखांपर्यंत अनुदान आहे. लोखंडाला पैसे आहेत, प्लास्टिकला आहेत. पण बांधावर उभं राहून "ताई, अजून चार दिवस थांबा" म्हणणाऱ्या माणसाला पैसे नाहीत. फोटो यंत्राचा काढता येतो, सल्ल्याचा काढता येत नाही.

बरं, अनुदानामुळेच मुरघास गावोगाव पोचला, हे मान्य. पुढे.

संशोधन नाही असंही नाही. झाशीची चारा संशोधन संस्था १९६२ची. आपल्या उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था उभी केली, तिथला बीएनएच-१० जातीचा नेपियर, म्हणजे चाऱ्याचं उंच गवत, कित्येक गोठ्यांमागे उभा आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले जयवंत नेपियर दिला, लसूणघासाचा आरएल-८८ दिला, ओटचा फुले हरिता दिला. आफ्रिकन टॉल मका तर सगळ्यांना पाठ आहे. पण राहुरीहून शिरूरच्या वावरापर्यंत काय येतं? व्हॉट्सअ‍ॅपवरचा "सुपर", "बुलेट", "१८ टक्के प्रोटीन" असा नेपियर. नेपियरची प्रथिनं जातीइतकीच कापणीच्या वयावर ठरतात. ४५ ते ५० दिवसांनी कापलात तर ८-१० टक्के, डोक्याच्या वर गेल्यावर कापलात तर नुसती काडी. नावाने काही होत नाही.

चाऱ्याच्या बियाण्यात कुणाला धंदा दिसत नाही, कारण चारा बी धरायच्या आत कापला जातो, आणि नेपियरच्या कांड्या तर एकदा घेतल्या की शेतकरी शेजाऱ्याला फुकट देतो. ज्यात नफा नाही तिथे सार्वजनिक पैसा लागतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. हिशोब साधा आहे. ९० बाय ६० सेंटिमीटरवर एकराला साधारण साडेसात हजार दोन डोळ्यांच्या कांड्या लागतात. तीन-चार महिन्यांच्या जून ठोंबातून हात आखडूनही ३० कांड्या निघतात. म्हणजे एका एकराच्या खात्रीच्या बेण्यावर तीस एकर लागतात. तालुक्याला एक एकर! एवढंही होत नाही. लसूणघासाचं तर विचारूच नका, स्वस्त बियाण्यात अमरवेल हे पिकावर जगणारं तण निघतं आणि तीन वर्षं टिकणारा प्लॉट पहिल्याच वर्षी नांगरावा लागतो.

आणि चारा नक्की कुणाचा? शेतात उभा असतो तेव्हा कृषी खात्याचा, गाईच्या तोंडात गेला की पशुसंवर्धनचा. दोन्ही आयुक्तालयं पुण्यातच, मधल्या रस्त्यात चारा वाळतोय.

माझं म्हणणं असं की संकलन झालेल्या दुधावर लिटरमागे ५ पैसे चारा निधीत टाका. दिवसाला एक लाख लिटर गोळा करणाऱ्या संघाचे वर्षाला १८ लाख २५ हजार होतात. त्यात तालुक्याचं बेणं, कोरडा भाग आणि प्रथिनं मोजणारी छोटी प्रयोगशाळा, आणि हंगामात बांधावर फिरणारी दोन मुलं बसतात. न्यूझीलंडचे दूध उत्पादक स्वतःच्या दुधावर अशी वर्गणी स्वतः मतदान करून लावून घेतात. दुधाला दर मिळत नाही तिथे अजून कापायचं का, हा प्रश्न बरोबर आहे. मग पाच पैसे संघाने आणि सरकारने निम्मे-निम्मे घालावेत.

पुण्यात बसून "आमचा काय संबंध" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बुरशी लागलेला चारा किंवा पेंड खाल्ली की त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष रूप बदलून दुधात उतरू शकतं आणि दूध उकळून ते जात नाही. दुधात त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. चहा तुमचाही आहे.

असो. काकूंना ओरडायचं काही कारण नव्हतं, त्यांनी कष्टात कसूर केली नव्हती. बुरशीचा थर आणि त्याखालचा वीतभर गरम माल उकिरड्यावर टाकला. जो थंड, पिवळसर, आंबूस वासाचा निघाला तेवढाच ठेवला, तोही गाभण गाईला नाही. अजून तीन बॅगा भरलेल्या आहेत. एकीला उंदराने भोक पाडलंय, त्यावर आज टेप मारली. तीच आधी उघडायची ठरलंय, आणि उघडल्यावर तोंडाकडून रोज निदान वीतभर थर काढत जायचं.