जागाही पालिकेची, पैसाही पालिकेकडे? त्या मेसेजबद्दल थोडं

नगरपालिकेची निवडणूक जवळ आली की एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागतो. गावाचं नाव बदलतं, सूर तोच. बाग, मैदान, रस्ता यांसाठी आरक्षित जागा पालिकेच्याच आहेत, वरून पैसा येतोच आहे, एक ठराव करून कुंपण घातलं की झालं. ते होत नाही, कारण बिल्डरशी संगनमत. संगनमताकडे नंतर येतो. आधीचं सगळं चूक आहे.

"आरक्षित जागा पालिकेच्याच." विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि त्याच गटाचा सातबारा एकदा शेजारी ठेवून बघा. नकाशावर हिरवा रंग आणि आरक्षणाचा क्रमांक. सातबाऱ्यावर मात्र कुणा शेतकऱ्याच्या चार वारसांची नावं आणि इतर हक्कात सोसायटीचा बोजा. आरक्षण म्हणजे मालकाने तिथे दुसरं काही बांधायचं नाही, एवढीच अडवणूक. जागा त्याचीच. म्हणून तर 'मैदाना'त सोयाबीन डोलत असतं.

बरं, ही अडवणूकही जन्मभराची नाही. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचं कलम 127 सांगतं की अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. 2015 च्या दुरुस्तीनंतर त्या नोटिशीची मुदत 24 महिने आहे. तेवढ्यातही संपादन किंवा त्याची पावलं नसतील, तर आरक्षण रद्द.

"एक ठराव केला की झालं." ही पावलं म्हणजे काय, यावरच श्रीरामपूर नगरपरिषदेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. 2013 च्या निकालाचा अर्थ सरळ आहे: सभेत ठराव घेतला, जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव धाडला, एवढ्याने पावलं उचलली असं होत नाही. ठराव घेऊन हात झटकणाऱ्या प्रत्येक पालिकेला ही चपराक होती.

"पैसा येतोच आहे." येतो, पण कशासाठी ते ठरवून. 2021 ते 2026 साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात दहा लाखांखालच्या शहरांसाठी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. जकात होती तेव्हा पालिकेच्या हातात रोजची रोकड असायची. ती 1999 मध्ये गेली आणि बदल्यात सहायक अनुदान आलं, ते बहुतेक पगारातच संपतं. आता जमिनीचा हिशेब करा. समजा एकरभर जागा, गुंठ्याला 5 लाख. 40 गुंठ्यांचे 2 कोटी. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे 4 कोटी, आणि व्याज वगैरे वेगळंच. एका बागेचे! 'क' वर्ग पालिकेला, म्हणजे 25 ते 40 हजार वस्तीच्या गावाला, हे सहज परवडेल?

यावर काही जण म्हणतात, मग टीडीआर द्या, म्हणजे जमिनीच्या बदल्यात पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क, फुकटात काम. पुण्यात ठीक आहे. जिथे लोक तळमजल्यावर एक मजला चढवून गच्चीत पापड वाळत घालतात, तिथे मूळचाच एफएसआय (जागेच्या प्रमाणात मिळणारी बांधकामाची परवानगी) उरतो. जादा विकत घेणार कोण? मालकालाही हे कळतं, तो रोखच मागतो.

आता संगनमत. असलंच तर ते कुंपण न घालण्यात नाही, त्या 24 महिन्यांत असतं. मालकाची नोटीस आवक-जावकच्या टेबलावर शिक्का लागून पडते, फाइल नगररचनेकडे जाते, परत येते, मुदत संपते. कुणी काही 'केलं' असं दाखवताच येत नाही. तिथे पालिकेची बाजू घ्यायला मी येणार नाही. दहा वर्षांत भूसंपादनासाठी दरसाल थोडीही रक्कम बाजूला न काढणं हाही निव्वळ नाकर्तेपणा.

फक्त एक आठवण. दर चार वर्षांनी होणाऱ्या चतुर्थ वार्षिक आकारणीत घरपट्टी वाढू नये म्हणून सह्यांची मोहीम ज्या ग्रुपवर चालते, त्याच ग्रुपवर हा बागेचा मेसेजही येतो. मला दोन्ही एकाच संध्याकाळी आले. पुढच्या वेळी बागेचा मेसेज पुढे पाठवण्याआधी अंदाजपत्रकाची प्रत मागवा आणि भूसंपादनाच्या लेखाशीर्षासमोर किती तरतूद आहे ते बघा. सोबत अशा आरक्षणांची यादी मागा, ज्यांची 10 वर्षं भरत आली आहेत.