लोभ कोणाचा, खातं कोणाचं?

सांगलीत माझ्या बहिणीच्या शेजारचे एक निवृत्त शिक्षक लॉटरीच्या ईमेलवर विश्वास ठेवून फसले. ब्रिटनमधली लॉटरी लागली आहे, रक्कम रिझर्व्ह बँकेत अडकली आहे, ती सोडवायला प्रोसेसिंग फी भरा. मग कस्टम, मग कर. घरच्या ग्रुपवर निकाल तासाभरात लागला: तिकीट न काढता लॉटरी लागते का कधी? एवढा शिकलेला माणूस, पण लोभ नडला.

मी राहतो ब्रिटनमध्ये, आणि इथल्या म्हाताऱ्यांना ब्रिटनची लॉटरी लागत नाही. त्यांना लागते स्पेनची किंवा कॅनडाची. 'एल गोर्दो' या स्पेनच्या नाताळातल्या प्रसिद्ध लॉटरीच्या नावानं जाड कागदावर, शिक्के मारलेली पत्रं येत आली आहेत. बक्षीस नेहमी इतक्या लांबून येतं की जाऊन चौकशी करता येऊ नये. एकदा उत्तर दिलेल्या माणसाचं नाव-पत्ता पुढे दुसऱ्या टोळ्यांना विकला जातो, त्यामुळे पत्रं वाढतच जातात. लोभ इथंही तेवढाच आहे. फरक आहे तो फसवणूक झाल्यावर प्रश्न कोणाला विचारायचा, यात.

7 ऑक्टोबर 2024 पासून इथं असा नियम आहे की, भामट्याच्या सांगण्यावरून माणसानं स्वतःच्या हातानं देशातल्या दुसऱ्या खात्यात पैसे भरले, तरी बँकेनं ते परत करायचे. मर्यादा 85,000 पौंड. खरी गोम पुढे आहे: भरपाईचा निम्मा भार पैसे पाठवणाऱ्या बँकेवर आणि निम्मा, ज्या बँकेत भामट्याचं खातं होतं तिच्यावर. ग्राहकानं अगदीच बेपर्वाई केली असेल तर बँक नकार देऊ शकते, पण नुसता भोळेपणा किंवा हाव म्हणजे बेपर्वाई नव्हे.

घरी हे सांगितलं तर मेहुणे म्हणाले, 'मग लोक मुद्दामच फसतील.' म्हणून तर इथं दाव्यातून 100 पौंडांपर्यंत कापून घ्यायची मुभा बँकांना आहे, आणि खोटा दावा हा गुन्हाच आहे.

भारतात रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे. तुमच्या नकळत कोणी पैसे काढले आणि तुमची चूक नसताना तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. पण शिक्षकांनी पैसे स्वतः भरले. ते या नियमात बसत नाहीत.

आता ते पैसे गेले कुठे? लॉटरी लंडनची म्हणे, पण फी मात्र भारतातल्याच कुठल्यातरी बचत खात्यात. असं खातं म्हणजे पोलिसांच्या भाषेत म्यूल खातं, बहुतेकदा कुणा गरजू माणसानं थोड्या पैशांसाठी वापरायला दिलेलं. ते कुठल्यातरी बँकेनं उघडलं, केवायसी केली, आणि अचानक अनोळखी लोकांकडून पैसे येऊन लगेच काढले जाऊ लागले तरी तिकडे पाहिलं नाही. लोभावर तावातावानं बोलणाऱ्या आपल्या मंडळींना ही बँक दिसतच नाही.

सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येतात, ही सोय चांगलीच आहे. फक्त पैसा चार हातांतून फिरला की कधी कधी गोठतं ते भाजीवाल्याचं खातं, ज्याला त्यातले दोनशे रुपये यूपीआयनं आलेले असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

इथलं सगळं आलबेल आहे असंही नाही. मर्यादा आधी 4,15,000 पौंड ठरत होती, बँका आणि फिनटेक कंपन्यांनी ओरड केल्यावर खाली आली. पैसे परदेशात गेले तर हा नियम लागूच नाही, म्हणजे खऱ्याखुऱ्या स्पेनच्या खात्यात भरणारी आजीबाई उघडीच. शिवाय संशय आला तर बँक पैसे अडवून धरू शकते. आईच्या घराच्या दुरुस्तीला पैसे पाठवताना फोनवर माझी जी उलटतपासणी झाली, तिचा मला मनापासून वैताग आला होता. तरी हा वैताग मी पत्करीन.

शिक्षकांनी तक्रार उशिरा केली, कारण परदेशी लॉटरीसाठी पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानं बंदी आहे आणि आपणच अडकू, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. वर कॉलनीतली कुजबुज. 'लोभ नडला' म्हणणाऱ्यांनी भामट्यांना आणखी काही दिवस मिळवून दिले, ते असे. बहिणीला मी सांगितलंय की तक्रारीत स्वतःची चूक पानभर लिहू नका. ज्या खात्यात पैसे भरले त्याचा क्रमांक, आयएफएससी आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, आधी लिहा, आणि तोच कागद त्या दुसऱ्या बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवा. ती बँक हात झटकेल. झटकू दे, पण लेखी झटकू दे.