संघर्ष कुठाय? जमलंय की!

बातमी सगळ्यांनी सकाळीच वाचलेली, त्यामुळं मामूच्या टपरीवर कुणी कुणाला सांगत बसलं नाही. पेपरचं ते पान तर घडी करून बाकड्याच्या हलणाऱ्या पायाखाली गेलं होतं. पालिकेच्या पॅनलवरचा वकील आणि मैदानाच्या जागेवरून पालिकेवर दावा ठोकणाऱ्या बिल्डरची वकीलीण, दोघं नवरा-बायको. चेंबर एक, टायपिस्ट एक. पालिकेची कैफियत 30 दिवसांत जायला पाहिजे होती, 90 उलटले तरी गेली नाही. 'नो डब्ल्यूएस'चा, म्हणजे लेखी उत्तर आलंच नाही असा, शेरा पडला. आता ती मैदानाची जागा गेल्यात जमा.

"याला कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणतेत," पिंट्या म्हणाला. पिंट्या चौथ्यांदा एमपीएससी देतोय, त्यामुळं कट्ट्यावर पुस्तक लागत नाही.

"मराठीत सांग की."

"हितसंबंधांचा संघर्ष," गुरुजींनी खुलासा केला.

बापूनं बशीतल्या चहावर फुंकर मारली. "संघर्ष कुठाय, गुरुजी? दोघांचं तर मस्त जमलंय की."

तेवढ्यात वकीलसाहेब आले. आधी रुमालानं बाकडं पुसलं, मग रुमाल अंथरला, मग बसले. रोज असंच. बसल्यावर पहिला शब्द ठरलेला.

"तांत्रिकदृष्ट्या यात काहीच गैर नाही. सनद वेगळी, वकीलपत्र वेगळं. कायद्याच्या नजरेत नवरा-बायको दोन स्वतंत्र इसम आहेत."

"आन् पंखा?" बापू.

"कसला पंखा?"

"चेंबरातला. एकाच पंख्याखाली वादीची फाईल आन् प्रतिवादीची फाईल. कागद उडाला तर कुण्या फाईलीत घालतेत?"

मामूच्या हातून दूध सांडलं. वकीलसाहेब मात्र चढलेच. एका पक्षकाराला सल्ला दिलेल्या वकिलानं त्याच प्रकरणात उलट बाजूनं उभं राहू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे, पण तो वकिलापुरता आहे, वकिलाच्या बायकोबद्दल त्यात अक्षर नाही, असं त्यांनी बोट वर करून तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायच्या आत बापूनं शांतपणे विचारलं,

"साहेब, तुमी हे वकील म्हणून बोलायलेत का त्या पॅनलवाल्याचे साडू म्हणून?"

साडू आहेत हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि चारचौघांत कुणी म्हणणं वेगळं. वकीलसाहेबांनी रुमालाची घडी सारखी केली.

पिंट्यानं त्यांना वाचवायला म्हणून की काय, 1969 चा क्रायपाकचा निकाल काढला. काश्मीरमधली गोष्ट. वनसेवेसाठी अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळात वनखात्याचा एक बडा साहेब, आणि उमेदवारांच्या यादीतही तोच साहेब. स्वतःचं नाव चर्चेला आलं की हा उठून बाहेर जायचा. बाकीच्यांची नावं आली की आत. यादी झाली तर हा पहिल्या फळीत. सुप्रीम कोर्टानं ती निवडच रद्द केली.

"बाहेर जायचा ना पण?" वकीलसाहेब.

"बाहेर जाऊन काय उपयोग? आत बसून दुसऱ्याची तंगडी वढायलाच की," बापू म्हणाला. "आपल्या सोसायटीचा चेअरमन बी असाच. स्वतःच्या कर्जाचा ठराव आला की लघवीला जातो."

गुरुजींना राहवेना. त्यांनी रामशास्त्री काढले. ते काढणारच होते. पेशव्यांचा न्यायाधीश असून राघोबाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि मग सगळं सोडून गावी निघून गेले. कुठं ती माणसं!

"आता गावी कोण जातंय," पिंट्या म्हणाला. "रंजन गोगोई नोव्हेंबर 2019 ला सरन्यायाधीश म्हणून निवृत्त झाले, मार्च 2020 ला राज्यसभेत."

"राष्ट्रपतीनियुक्त. घटनेत बसतं," वकीलसाहेब.

"बसतं. निवृत्तीनंतर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला देशातल्या कुठल्याच कोर्टात वकिली करता येत नाही, हेबी घटनेतच हाय. राज्यसभेबद्दल मात्र घटना गप्प."

"म्हंजे काळा कोट चालत न्हाई, शाल चालती," बापू.

गुरुजी मान हलवत राहिले, इतकी की बापूचं लक्ष गेलं. मग गुरुजींचा नंबर. दहावीच्या परीक्षेला गुरुजी केंद्रसंचालक, आणि त्यांचा पुतण्या त्याच केंद्रावर, जिन्याजवळच्या खोलीत. ती खोली अख्ख्या तालुक्याला पाठ आहे. "मुलीच्या एम.डी.च्या मार्कांपायी 1986 ला निलंगेकरांचं मुख्यमंत्रिपद गेलं, गुरुजी. तुमचं तर केंद्रसंचालकपदबी गेलं न्हाई."

"तो अभ्यासानं पास झाला!"

"मग जिना कामून?"

इथं वकीलसाहेबांना संधी दिसली. "बापू, तू बोलू नकोस. ग्रामपंचायत कायद्याचं कलम 14 आठवतं ना?"

सगळे गप्प. बापू ग्रामपंचायतीत निवडून आला होता. पावसाळ्याच्या तोंडावर गटार तुंबलं, पाणी शाळेच्या दारात. गाळ उचलायला कुणी ट्रॅक्टर देईना, बिल कधी निघेल याचा भरवसा नव्हता. बापूनं स्वतःचं लावलं. 9 खेपा, 6,500 रुपये. पावतीवर स्वतःचं नाव, स्वतःची सही. ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा हितसंबंध, म्हणून चुलतभावानंच जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज केला. सदस्यत्व गेलं. आयुक्तांकडच्या अपिलात संभाजीनगरच्या चकरांना बिलापेक्षा जास्त डिझेल जळालं. आता तोच चुलतभाऊ सदस्य आहे आणि गाळाचं काम त्याच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला.

बापू चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "कायदा बरोबरच हाय, साहेब. माझं चुकलंच. मी मेव्हण्याचं नाव टाकायचं सोडून बापाचं दिलेलं नाव टाकलं."

(मी बापूच्या बाजूनं लिहितोय, असं वकीलसाहेब म्हणतीलच. माझी दीड एकर त्याच्याच ट्रॅक्टरनं नांगरली जाते आणि औंदाचे पैसे अजून दिलेले नाहीत. हेही लिहून ठेवतो.)

विषय पुढं आमदारांवर गेला. वकीलसाहेबांना स्वतः उभं राहायची जुनी हौस आहे, 2 वेळा तिकीट मागून झालंय. आमदार-खासदारांनी वकिली करू नये अशी याचिका सुप्रीम कोर्टानं 2018 ला फेटाळली, हे त्यांना तोंडपाठ. "लोकप्रतिनिधी म्हणजे पूर्णवेळ पगारी नोकर नव्हे, असं कोर्ट म्हणतं."

"पगार घेतेत, पेन्शन घेतेत, पण नोकर न्हाईत," बापू म्हणाला. "बरं झालं कोर्टानंच सांगितलं. आमी उगं लोकसेवक म्हणत व्हतो."

यावर गुरुजीसुद्धा हसले, जिन्याचा राग विसरून. मामूनं तेवढ्यात पाटी पुढं केली. "सात चाय, दो भजे की प्लेट. किसके नाम पे लिखूं? वकीलसाब बोले थे ना, आज मेरे तरफ से?"

वकीलसाहेबांचा फोन वाजला. निदान त्यांनी तो कानाला लावला. बोलत बोलत ते उठले, रुमाल उचलला आणि रस्त्यापलीकडं लिंबाखाली जाऊन उभे राहिले.

"पिंट्या, बघ," बापू ओरडला, "स्वतःचं नाव निघालं की बाहेर!"

पलीकडून वकीलसाहेबांनी हात हलवला, 'महत्त्वाचं आहे' अशा अर्थी. मामूनं पाटीवर खडूनं लिहिलं: साडू.