बॅरिकेड आधी दिसू तर द्या

नेत्यांच्या बंदोबस्तावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की १९९१चं श्रीपेरुंबुदूर, म्हणजे राजीव गांधींची हत्या, आठवत असेल तर नेत्यांभोवतीचं कडं सैल करा असं कुणी म्हणणार नाही. आणि कायदा ठाऊक नव्हता ही सबब चालत नाही.

पहिलं मान्यच आहे. फक्त 'सैल करा' असं मी लिहिलेलंच नाही. कड्याची रेघ लोकांना दिसावी, एवढंच लिहिलं होतं.

दुसऱ्यात मात्र गल्लत आहे. कायदा ठाऊक नसणं वेगळं, आणि आज या चौकात मनाई लागली हे ठाऊक नसणं वेगळं. जमावबंदी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली लागायची, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली लागते. ती मोडली की भारतीय न्याय संहितेचं कलम २२३. त्यातली अट वाचा: आदेश निघालाय हे माहीत असून जो मोडतो, त्याला शिक्षा. मग माहीत करून देणं कुणाचं काम?

अमेरिकेचा कडकपणा तुम्हीच काढलात म्हणून सांगतो. नेत्यांभोवतीच्या मनाई केलेल्या जागेत शिरण्याविरुद्ध तिथे जो कायदा आहे, त्यातून २०१२ साली 'हेतुपुरस्सर' हा शब्द वगळला. त्यावरून आरडाओरडा झाला, पण 'जाणूनबुजून' त्यांनीही ठेवलाच.

आता इथलं. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये स्कूटर घेऊन निघालो, तर आडवा बांबू. शिपाई म्हणाला, "काका, इकडून नाही जमत, मंत्री येऊन राहिले. बोर्ड लावला आहे न मागं." मागे जाऊन पाहिलं. बोर्ड होता, संत्र्याच्या ठेल्याआड, भिंतीकडे तोंड करून! त्या पोराचा काय दोष, तो पहाटेपासून उभा.

माझा फेरा वाढला, बस. मोर्च्याचं तसं नसतं. 'मोर्चेवाल्यांना शिस्त नको का' असं तुम्ही सहज लिहून गेलात. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात, अधिवेशन चालू असताना, गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले. झिरो माइलजवळचं त्यांचं स्मारक तुमच्याही रोजच्या वाटेवर असेल.

येत्या डिसेंबरात एकदा यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोठ्या मोर्च्यात अगदी शेवटून चाला. पुढचं बॅरिकेड कुठे लावलंय, ते मला तिथूनच कळवा.