लहान पापलेट घेऊ नका

नवरात्रात घट बसलेले असतात, घरात वशाट शिजत नाही. दसरा झाला की परभणीच्या मासळी बाजारात झुंबड उडते. येलदरीचा रोहू-कटला असतोच, पण हल्ली बर्फाच्या पेट्यांतून समुद्राचं पापलेटही येतं. त्यातलं लहान पापलेट स्वस्त म्हणून हातोहात खपतं. माझा या खरेदीला विरोध आहे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, मासळीला वाढायला सवड मिळावी म्हणून. ऑगस्टात होड्या निघतात, पण समुद्र खरा निवळतो तो सप्टेंबरनंतर. नद्यांनी पावसाळाभर वाहून आणलेलं खाद्य किनाऱ्याजवळच्या पाण्यात असतं, त्यावर पिल्लं पोसत असतात. नेमकी तेव्हाच ती बारीक आसाच्या, म्हणजे लहान छिद्रांच्या, जाळ्यात येतात. बंदी आणखी लांबवा, असं पालघर किनाऱ्यावरच्या सातपाटीचे मच्छीमार सांगत आलेत, ते याच काळजीपोटी. पोटरीतली ज्वारी कापली तर कणसं कुठून येणार?

२०२३ साली पापलेट राज्यमासा झालं. त्याच वर्षी ५४ प्रजातींचे मासे पकडायला किमान आकार ठरला. पापलेटासाठी तो १३५ मिलिमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा जरासा कमी. पण बाजारात पट्टी लावून कोण बघतं? हॉटेलवाल्यांनाही एका ताटात अख्खं बसणारंच हवं असतं. मागणी आपली आहे, म्हणून तर ते इथवर येतं.

"आम्हाला कुठं समुद्र आहे?" असं कुणी म्हणेल. २०१९ आठवा. ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ आलं, मागोमाग महा. तिकडं होड्या बंदरात अडकल्या, आणि त्याच दिवसांतल्या पावसानं इकडं सोयाबीनच्या सुड्या भिजून कोंब फुटले. हाती आलेला हंगाम जाणं काय असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कोळ्यांच्या तर प्रत्येक फेरीमागं डिझेल आणि बर्फाचा खर्च असतो.

म्हणून वादळानंतर मासा महागला तर घासाघीस करू नका. परवडत नसेल तर मरळ घ्या, रोहू घ्या, तेही चवीला कमी नाहीत. पण पापलेट घ्यायचंच तर मोठं घ्या, महिन्यातून एकदाच घ्या. आणि लहान दिसलं तर विक्रेत्याला तोंडावर सांगा, "दादा, हे आणू नका, आम्ही घेणार नाही." चार गिऱ्हाइकांनी सांगितलं तरी पुढच्या वेळी तो माल मागवताना विचार करेल.