मर्ज कधी करायचं आणि कधी थांबायचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मनापासून लिहिलेली आहे. त्यामुळे नुसते आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. शस्त्रं मर्ज करून, म्हणजे दोन सारखी शस्त्रं जोडून एक वरच्या लेव्हलचं बनवून, शत्रूंना हरवण्याच्या कॅज्युअल (सोप्या, सहज खेळायच्या) खेळांवरचा माझा लेख वाचून तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. पहिली, दोन सारख्या बंदुका दिसल्या की एक उचलून दुसरीवर ठेवायची, यात डोकं कुठे लागतं? दुसरी, जाहिरातीत दाखवतात एक आणि आत निघतं भलतंच. शिवाय तुम्ही सध्या अडकलेल्या लेव्हलला किरकोळ शत्रूंचा लोंढा येतो, हातात भलीमोठी तोफ असूनही हार होते आणि खेळ सुचवतो की जाहिरात बघा, ताकद दुप्पट करा. तिसरी, माझ्यासारखे लोक कौतुक करतात म्हणून असले खेळ फोफावतात.

पहिल्या मुद्द्यावर माझं मत तुमच्या अगदी उलट आहे, म्हणून तिथेच जास्त थांबतो.

समजा, तुमच्याकडे पहिल्या लेव्हलच्या चार बंदुका आहेत आणि प्रत्येक गोळीचं डॅमेज, म्हणजे शत्रूला होणारी इजा, १० आहे. दोन मर्ज केल्या की दुसऱ्या लेव्हलची एक बंदूक मिळते, तिचं डॅमेज १८. अशा दोन पुन्हा मर्ज केल्या की तिसऱ्या लेव्हलची एक, डॅमेज ३२. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण बऱ्या खेळांतली रचना साधारण अशीच असते. म्हणजे चार सुट्या बंदुकांची बेरीज ४० होती, ती मर्ज केल्यावर ३२ झाली. ताकद घटली, आणि त्या बदल्यात शस्त्रं मांडायच्या बोर्डवर तीन घरं रिकामी झाली.

आता समोरून १० हेल्थचे (म्हणजे १० डॅमेज झालं की मरणारे) बारके शत्रू झुंडीने येताहेत. चार सुट्या बंदुका एका फेरीत चौघांना आडवं करतात. तिसऱ्या लेव्हलची बंदूक एकालाच मारते आणि तिचं २२ डॅमेज फुकट जातं, कारण मेलेल्याला आणखी मारता येत नाही. त्याच जागी चिलखतवाला शत्रू आणा, जो प्रत्येक गोळीतलं ८ डॅमेज पचवतो. चार सुट्या बंदुका त्याला दर फेरीला प्रत्येकी २, म्हणजे एकूण ८ इजा करतात. मर्ज केलेली एकटी बंदूक २४ करते. चार बंदुका त्याच, पण झुंडीपुढे सुट्या ठेवल्या तर चौपट कामाच्या आणि चिलखतापुढे मर्ज केल्या तर तिप्पट. आणि एकदा मर्ज केल्यावर त्या परत सुट्या होत नाहीत.

या निर्णयाला डोकं लागत नाही असं मला तरी म्हणवत नाही. शत्रूंची पुढची वेव्ह, म्हणजे लाट, कसली आहे, बोर्डवर किती घरं उरलीत, आणखी एखादी बंदूक आली तर ती ठेवायला जागा आहे का, हे सगळं काही सेकंदांत ठरवायचं असतं. शस्त्रं एकाच प्रकारची असतील तर जागेची अडचण फारशी येत नाही, कारण सतत मर्ज करत राहिलं तर प्रत्येक लेव्हलची जास्तीत जास्त एकच बंदूक बोर्डवर उरते. खरी गर्दी होते ती धनुष्य, बंदूक, बॉम्ब, बर्फ असे चार-पाच प्रकार एकत्र आले की. बोर्ड भरलेला, प्रत्येक प्रकारचं काहीतरी अर्धवट, आणि हवं ते शस्त्र काही येत नाही. मग मनाविरुद्ध काय मर्ज करायचं, हा प्रश्न मला या खेळांतला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो.

दोन सारख्या गोष्टी एकत्र करणं ही क्रिया सोपी आहे हे खरंच. पण खेळ किती खोल, हे ती क्रिया ठरवत नाही, तिच्याभोवतीचे नियम ठरवतात. २०१४ मध्ये फेब्रुवारीत ‘थ्रीज’ हा अंकांचे ठोकळे जोडण्याचा खेळ आला आणि महिनाभरातच तसाच ‘२०४८’. दोन्हींत चार बाय चारचा बोर्ड, दोन्हींत ठोकळे सरकवून जोडायचे. ‘थ्रीज’मध्ये ठोकळे एका वेळी एकच घर सरकतात, पुढचा ठोकळा कसला येणार याची कल्पना आधी मिळते, आणि सुरुवातीला १ ला २ च लागतो. ‘२०४८’मध्ये ठोकळे थेट भिंतीपर्यंत घसरत जातात. ‘थ्रीज’च्या निर्मात्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की ‘२०४८’मध्ये वर आणि उजवीकडे आळीपाळीने बोट फिरवत राहिलं तरी बरीच मजल मारता येते. नियमांत तसा थोडासाच फरक, पण एका खेळात प्रत्येक चालीला थांबावं लागतं आणि दुसऱ्यात बराच काळ बोट आपोआप चालत राहतं. २०१९ मध्ये गाजलेल्या ‘डोटा ऑटो चेस’ या मोहऱ्यांची फौज लढवण्याच्या खेळातही तीन सारखे मोहरे मिळून एक दोन-स्टारचा मोहरा होतो, तीन-स्टारसाठी नऊ लागतात. त्याला बिनडोक म्हणणारा खेळाडू मला अजून भेटायचाय.

तुमचा अनुभव मी खोटा ठरवत नाही. मर्ज केल्यावर ताकद दुपटीहून जास्त होते, जागाही मोकळी होते आणि शत्रू सगळे एकाच छापाचे, असे खेळ भरपूर आहेत. तिथे मर्ज न करण्याचं काही कारणच उरत नाही. असा खेळ ओळखायची माझी एक खूण आहे: ऑटो-मर्जचं, म्हणजे सारखी शस्त्रं आपोआप जोडणारं बटण. ते दाबून काहीच बिघडत नसेल, तर तिथे खेळाडूने ठरवण्यासारखं काही नव्हतंच. काही खेळ तर हे बटण पैसे घेऊन विकतात. स्वतःच्या खेळातला मुख्य भाग खेळाडूला टाळावासा वाटतो हे ओळखून त्याचीच किंमत लावायची, हे मला मनापासून खटकतं.

आता जाहिराती. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. जाहिरातीत एक आणि आत भलतंच, ही तक्रार तुमच्या एकट्याची नाही. ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’ या मोबाइल खेळांच्या जाहिराती खेळाचं खरं रूप दाखवत नाहीत म्हणून ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये त्यांवर बंदी घातली होती. ‘दुप्पट करा’ या बटणामागचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. दोनास एक या हिशोबाने दहाव्या लेव्हलच्या एका शस्त्राला पहिल्या लेव्हलची ५१२ लागतात, बाराव्याला २०४८, विसाव्याला ५,२४,२८८. त्यामुळे शस्त्रं घेण्यासाठी मिळालेली नाणी दुप्पट करणारी जाहिरात तुम्हाला कुठल्याही टप्प्यावर जेमतेम एकच लेव्हल वर नेते. सुरुवातीला तेवढी मजल दोन-चार मिनिटं खेळूनही गाठता येते. पुढे त्याच एका लेव्हलला तासन्‌तास लागतात, आणि जाहिरात मात्र तेवढ्याच सेकंदांची असते. म्हणून जसजसं पुढे जाल तसतशी ती जास्त आकर्षक वाटत जाते. हे असंच वाटावं म्हणून ती तिथे ठेवलेली असते. अडकवून मग सुटका विकणाऱ्या खेळाचं कौतुक मी त्या लेखात केलेलं नाही आणि पुढेही करणार नाही.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल एवढंच सांगतो: या प्रकारातलं चांगलं काय ते कोणी नेमकं लिहिलं नाही, तर वाईट खेळाला वाईट म्हणायला मापच राहत नाही. म्हणून मी लिहितो.

आणि तुमच्या अडकलेल्या लेव्हलचं. तुम्ही केलेलं वर्णन वाचून मला वाटतं, तुम्ही खूप लवकर मर्ज करताय. बारक्यांचा लोंढा आणि तुमच्याकडे एकच मोठी तोफ, ही वरच्या उदाहरणातलीच अडचण आहे. तोफेचा गोळा फुटून आजूबाजूच्यांनाही लागत असेल तर गोष्ट वेगळी, पण एका गोळीला एकच शत्रू असेल तर पहिल्या काही वेव्ह शस्त्रं सुटी राहू द्या. बोर्डवर एक-दोनच घरं उरली की मग मर्ज करा, तेही आधी सगळ्यात खालच्या लेव्हलची. बॉस, म्हणजे शेवटचा बलाढ्य शत्रू, दिसेपर्यंत मोठं शस्त्र बनवायचा मोह आवरा. त्याच्या आधी थोडी उसंत मिळत असेल, तर त्या वेळात भराभर मर्ज करून घ्या. जाहिरात न बघता करून पाहा, आणि तरीही हरलात तर बोर्डवर तेव्हा काय काय होतं ते इथेच खाली लिहा. त्या लेव्हलला नुसत्या खेळाने जिंकण्याची वाटच ठेवलेली नाही असं दिसलं, तर त्या खेळावर वेगळा लेख लिहीन आणि तुमची तक्रार त्यात सगळ्यात वर असेल.